आवाजाची शीर

२१ जानेवारी २००८, गोरेगाव
गळ्यावरची गाठ लिंबाएवढी झाली. जाऊबाई धुरपताबाईंनी तापल्या विळ्याने डाग दिला — कातडी जळाली, गाठ तिथेच! डागाने मेंढीला उतार पडतो, मला पडला नाही. दिपालीला फोनवर सांगितलं. लेक पुण्याला असते. ती म्हणाली, "माय, उद्याच्या गाडीने पुण्याला निघ."

२४ जानेवारी, पुणे
गाठ थायरॉइडची. काढावी लागेल. तिच्या मागून आवाजाची शीर जाते, धक्का लागला तर आवाज जाऊ शकतो. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मी नको म्हणाले. माझ्या हाळीवर सत्तर मेंढ्या वळतात. आणि हे जाऊन सहा वर्षं झाली तरी संध्याकाळी चुलीपाशी मी यांच्याशी बोलते. तेही बंद?

२६ जानेवारी
दिपालीचं काम पाहिलं. 'कॉम्प्युटरवर मान बनवते' म्हणायची, मला वाटायचं बाहुल्यांची. ही तर खरी मान — आतून! माऊस हलवला की मान फिरते. कातडी निघते, मग स्नायू, मग रक्तवाहिन्या. शिकाऊ डॉक्टर आधी यावर हात बसवतात, मग माणसावर.

आवाजाची शीर पिवळीधमक. विचारलं, पिवळी काहून केली? ओळखू यावी म्हणून, म्हणाली.

जत्रेच्या बोकडाचा गळा मीच साफ करते. शीर पांढरट असते, बाजूच्या पडद्यासारखीच. म्हटलं, "खऱ्या मानेत कोण रंगवून ठेवणार हाय?"

शेजारी बसलेली शिकाऊ डॉक्टर साधना हसली. दिपाली हसली नाही. तिने लिहून घेतलं.

२७ जानेवारी
ऑपरेशनच्या सहीचा कागद आला. केली नाही.

३० जानेवारी
दिपालीने सगळे रंग काढून टाकले. साधना माऊस धरून बसली आणि पहिल्याच खेपेला शीर कापली! दुसऱ्यांदाही. तोंड उतरलं पोरीचं. पण उठली नाही. दुपार झाली, चहा गार झाला. मग एकदाची शीर अख्खी सुटी केली.

माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, रंग होता तेव्हा मला वाटायचं, येतंय मला."

मी सहीचा कागद मागून घेतला.

२ फेब्रुवारी
उद्या ऑपरेशन. मोठे डॉक्टर करणार, साधना त्यांच्या हाताशी. जाऊबाईंचा फोन — "तुझ्या मेंढ्या माझं ऐकून राहिल्या न्हाईत. लवकर ये." दिपालीने विचारलं, भीती वाटते का. व्हय म्हटलं.

४ फेब्रुवारी
साधना म्हणाली, काहीतरी बोला, मावशी. घसा खरवडला. तोंडून निघालं — लिंबाजी. दिपाली बघतच राहिली. नवऱ्याचं नाव. संसारात एकदाही घेतलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा नाही. मग परत घेतलं. मोठ्याने.