दवाखान्याचं सागवानी दार

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा दंडवत. तुझी कंबर कशी आहे? वहिनी म्हणते तसा शेक घेतोस, की नुसताच कण्हतोस? मी खुशाल आहे, बसून आहे. (का बसून आहे, ते ओघाने येईलच.)

मी निघताना सगळ्या कारखान्यासमोर तू म्हणालास, की हा आरंभशूर अर्ध्या वाटेवरून परत येतो की नाही बघा, दार बसवून आला तर दुकानाच्या पाटीवर याचंही नाव घालीन. तेव्हाच मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, नदीच्या मुखाशी असलेल्या त्या दवाखान्याला दार बसवल्याशिवाय घरचं तोंड बघायचं नाही. तर आता रंगाऱ्याला निरोप धाड.

नदी कसली, वैताग आहे नुसता! समुद्र जवळ आला तशी ती इतक्या फाट्यांत फुटली, की आपल्या काकांकडच्या वाटण्या परवडल्या. रस्ता नावाला नाही. दार होडीत आडवं घातलं आणि दारावर मी. भरती असेल तोवर होडी चालणार, ओहोटी लागली की चिखलात रुतणार, आणि नावाडी तोंडावर टोपी ओढून खुशाल घोरणार. (मी ओरडलो, तर म्हणाला, पाण्याला सांगा.) डासांनी मला फोडून काढलं. एका वळणावर होडी कलंडली तेव्हा दार मी दोन्ही हातांनी धरलं आणि रंधा नदीला अर्पण झाला. तुझाच होता तो. पण मी मागे फिरलो का? छे, नाव काढू नकोस!

दार असं बसवलंय म्हणून सांगू, बाबा असते तर पाठ थोपटली असती. फटीतून पोस्टकार्ड गेलं तर सुतार कच्चा, असं ते म्हणायचे ना? इथे पोस्टकार्डच काय, मुंगी जात नाही. तू बजावलं होतंस, तिकडची हवा दमट, बोटभर फट सोड. मी मनात म्हटलं, दादा म्हातारा झाला. मग काम संपवून, हत्यारं बाहेर ठेवून, दार लावून आत जरा आडवा झालो. तेवढ्यात पाऊस कोसळला. उठून बघतो तर दार फुगलेलं, आणि मी आत.

नर्सबाई खिडकीपाशी येऊन म्हणतात, "अहो सुतार, दवाखान्याला ही एकच खोली, बाळंतपणंही इथेच. एकीचे दिवस भरलेत. कुऱ्हाड आणू का?" मी म्हटलं, "खबरदार! ऊन पडलं की आपसूक आकसेल." ऊन पडायचं नाव नाही. खिडकीच्या गजांतून ताटली येत नाही, तेव्हा केळ्यांवर आहे. पण दाराला हात लावू देणार नाही, हे लिहून ठेव.

तुझा आज्ञाधारक (हसू नकोस),
धाकटा

ता. क. नावाडी भरतीसाठी खोळंबलाय, म्हणून आणखी चार ओळी. होडीने एक रंधा पाठव. घाई आहे अशातला भाग नाही.

ता. क. दार फोडलं. ती बाई आली, कळा सुरू झालेल्या, बाहेर ओट्यावर भिंत धरून उभी. नर्सबाईंनी कुऱ्हाड आणली आणि खिडकीतून माझ्याकडे बघत राहिल्या. मीच ओरडलो, "बघताय काय, घाला घाव!" बाहेरून कुऱ्हाड, आतून माझा खांदा. कडाकड मोडलं रे! मुलगी झाली. ती रडली तेव्हा मीही रडलो. (दारासाठी नाही. म्हणजे, थोडंसं दारासाठी.)

सध्या चौकटीला माझी चादर टांगलीय. रंगाऱ्याला थांबव, पण मी हलणार नाही, दार बसवूनच येईन. सागवान पाठव. आणि ती बोटभर फट म्हणजे करंगळी की अंगठा, तेवढं मात्र नीट कळव.