चकरीवरचा अंगठा

५ जानेवारी, पवनार

वर्षालीने पुण्याहून तिच्या बाबांसाठी नवी गळकाठी पाठवली. फेकताना रीलच्या फिरत्या चकरीवर अंगठा हलकेच टेकवायचा — दोरी आवरतो तो अंगठाच. आणि ह्यांचा उजवाच हात दिवाळीत लकव्याने गेला होता! आता बराच वळतो. डॉक्टर म्हणतात, आवडीचं काम द्या. पण पहिल्याच फेकीला गुंता झाला, तर हे पुन्हा नदीवर जायचं नाव काढणार नाहीत. ओळखते मी. रील आधी मी सुरळीत करणार, मगच त्यांच्या हाती.

८ जानेवारी

अंगणात सराव. रीलच्या बाजूची घुंडी अशी कसायची, की दोरीच्या टोकाचं शिशाचं वजन सावकाश उतरावं आणि जमिनीला टेकताच चकरी थांबावी. थांबते. फेकली की मात्र गुंता. तासभर सुईने सोडवत बसले.

११ जानेवारी

घुंडी आणखी कसली, ब्रेक वाढवला. तीन फेकी, तीन गुंते. शेजारचे गुलाबभाऊजी कुंपणावरून म्हणाले, "वयनी, मासे धरून राह्यल्या का स्वेटर विणून राह्यल्या?" हे खुर्चीत हसले, कितीतरी दिवसांनी. मला हसू आलं नाही. माझ्या धडधाकट हाताला जमत नाही, तिथे ह्यांचं काय होणार?

चहाचा कप हातातून सुटून फुटला. त्या कपांचे कानच गुळगुळीत.

१४ जानेवारी

संक्रांत. लाडू वळताना चटका बसला नाही, पाक निवला असावा. संध्याकाळी पाहते तर अंगठ्यावर फोड.

रील परत पाठवावी म्हणते.

१६ जानेवारी

"आन इकडे. माह्यासाठी आली का तुह्यासाठी?" म्हणत ह्यांनी काठी हातातून घेतलीच. नाही म्हणेपर्यंत फेकलीसुद्धा. शिसं थेट शेवग्यापलीकडे. एक वेढा सैल पडला नाही.

बसली एकदाची घुंडी, असं वाटलं. तशीच घेऊन मी फेकली — गुंता.

ह्यांनी दोरीकडे पाहिलंच नाही. माझा हात धरला.

"सुलोचना, माह्या बोटावर अंगठा दाब."

"दाबते आहे."

"दाब ना."

"अहो, दाबतेच आहे."

हे तसेच उठले. आत जाऊन वर्षालीला फोन लावला.

१९ जानेवारी, वर्धा

डाव्या हाताने लिहिते आहे. मानेत नस दबली आहे, त्यानेच अंगठा बधिर; मंगळवारी ऑपरेशन. घुंडी पहिल्या दिवशीच बरोबर बसली होती.

हे मला वरणभात भरवतात. उजव्या हाताने.