वाळवंटातले सात खडे

मी, सुलक्षणा चंद्रशेखर आगाशे, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार शर्ली, साउथहॅम्प्टन, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पुरेशा वैतागाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीचं रद्द समजावं. वकीलबाई म्हणाल्या होत्या की इंग्रजीत करा. पण पन्नासहून जास्त वर्षं या देशात काढूनही मला इंग्रजीत नीट चिडता येत नाही. भाषांतराचा खर्च माझ्या शिलकीतून व्हावा.

१. माझं राहतं घर आणि बँकेतली शिल्लक यांचे दोन सारखे भाग करावेत. एक माझी मुलगी वरदा, राहणार मँचेस्टर, हिला. दुसरा माझी नात उर्वी हिला, ती एकवीस वर्षांची झाल्यावर. तोवर तो वरदाने सांभाळावा. उर्वीचे वडील, म्हणजे माझा मुलगा स्वानंद, यांना काहीही नाही. कारण कलम ६ मध्ये आहे. स्वानंद, पानं उलटून पुढे जाऊ नकोस, क्रमाने वाच.

२. माझे दिवंगत पती डॉ. चंद्रशेखर (यापुढे त्यांचा उल्लेख ‘हे’ असा होईल) यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटातून आणलेल्या वस्तू: गंजलेले सार्डिनचे डबे एकोणीस, घोड्याचा जबडा एक, बुटांचे जोड चार, आणि फ्रीझरमध्ये सापाची कात, जी मी बावीस वर्षं उकडीच्या मोदकांशेजारी सहन केली. हे सगळं कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, टाकावं. हातमोजे घालावेत. जबडा यांनी जेवायच्या टेबलावर ठेवला होता, आणि माझ्या मैत्रिणी आल्या की त्याचे दात मोजून दाखवत. आठवलं तरी अजून घास उतरत नाही.

यांची एक्स-रे बघायची दिव्याची पेटी मात्र वरदाला. हे रेडिऑलॉजिस्ट होते, आणि फार चांगले होते. सावलीतला कणभर फरक यांना दिसायचा. तीच विद्या यांनी डोंगरांवर चालवली, तिथेच सगळं बिनसलं. त्या पेटीवर उपग्रहाचे फोटो लावून हे रविवार रविवार बसत. यांचं म्हणणं, चारशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी त्या वाळवंटात सोनं पुरलं आणि वाटेवर खुणा सोडल्या: कासवासारखा धोंडा, खडकात कोरलेलं बदाम, हात मुरडलेलं निवडुंग. कासवाचं तोंड जिकडे, तिकडे चालायचं; बदामाचं टोक जिकडे, तिकडे वळायचं. तीन खुणा जुळल्याशिवाय खोदायचं नाही, हा यांचा नियम. बावीस वर्षांत तीन जुळलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. तरी खड्डे मात्र खणले.

३. यांचे वाळवंटातले सोबती श्री. नंदू दातार, राहणार ईलिंग, यांना ती घडीची खुर्ची द्यावी, जिच्यावर बसून त्यांनी यांना खणताना पाहिलं. बरोबर काहीही देऊ नये, चिवडासुद्धा नाही. तो त्यांनी जन्मभराचा खाल्ला आहे. माझ्या दिवसकार्याला ते आले तर चपला बाहेर काढायला लावाव्यात आणि माझ्या फोटोसमोर पायाची नखं कापू देऊ नयेत. तंबूत ते रोज कापायचे.

४. आता जे सतरा वर्षं बोलले नाही ते.

२००८च्या सप्टेंबरात तिकीट स्वस्त म्हणून यांनी मलाही ॲरिझोनाला नेलं. नेमक्या गौरी त्यात आल्या. आमच्याकडे गौरी खड्यांच्या. नदीवरून सात खडे आणायचे, तोंडात पाण्याची चूळ धरून, मुक्याने. यांना म्हटलं तर म्हणाले, “इथे कसली गौर? तू तंबूत बस.” आणि नंदूबरोबर निघून गेले ते संध्याकाळपर्यंत.

मी तंबूत बसले नाही. जवळच कोरडा ओढा होता. चूळ धरली, सात खडे वेचले, आणि कड्याच्या कपारीत पाऊस-वारा लागणार नाही अशा जागी ओळीने मांडले. पाणी मोजकं होतं म्हणून कुंकू खोबरेल तेलात कालवलं. मागच्या खडकावर एक बोट ओढलं. तेल ओघळलं, पुसायला गेले तर आणखी फाकलं. दुसऱ्या दिवशी नंदूच्या लहरीप्रमाणे तळ हलला. माझ्या गौरी बोळवायच्या राहिल्या. मी यांना काही सांगितलं नाही, कारण काय ऐकायला मिळेल ते ठाऊक होतं.

५. २०१४ साली नंदू आमच्या स्वयंपाकघरात फोन नाचवत आले. “वहिनी, धिस इज इट! सेव्हन स्टोन्स, डेड स्ट्रेट! आणि मागे रेड ॲरो, पॉइंटिंग वेस्ट! चारशे वर्षं ओल्ड!” मी फोटो पाहिला. माझे खडे. माझं बोट.

मी म्हटलं, “अहो, जरा ऐकता का, हे तर...”

हे फोटोवरून नजर न काढता म्हणाले, “तुला यातलं काय कळतंय? चहा टाक.”

मी चहा टाकला. त्या दिवशी मला या दोघांची इतकी किळस आली की म्हटलं, जा, चाला पश्चिमेकडे. तिथल्या खडकांवर शतकांचं ऊन खाऊन काळसर पुट चढतं. खुणेवर पुट असेल तर ती जुनी, पुटावर खूण असेल तर कालची. हे मला यांनीच शिकवलं होतं. माझं कुंकू पुटावर झगझगीत होतं, आणि सावली वाचणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही.

पुढची चार वर्षं हे दर हिवाळ्याआधी तिथे गेले. दरवेळी वाटायचं, आता सांगावं. दरवेळी ते ‘चहा टाक’ आठवायचं आणि मी टाकायचे. २०१८च्या ऑक्टोबरात माझ्या खड्यांच्या ओळीने पश्चिमेकडे चालत असताना हे उन्हाने कोसळले. पाणी गाडीत होतं. नंदूही गाडीत होते. नंदूंची मला किळस येते हे सर्वांना माहीत आहे. माझी स्वतःचीही येते, हे आज लिहून ठेवते.

६. गेल्या महिन्यात स्वानंद फोनवर म्हणाला, “आई, नंदूकाका आणि मी ऑक्टोबर हाफ टर्मच्या सुट्टीत ॲरिझोना करतोय. उर्वी पण येते. बाबांचा ड्रीम कम्प्लीट करायचाय. सात दगडांपासून स्टार्ट.” उर्वी दहा वर्षांची आहे.

मी सांगायला तोंड उघडलं. तो म्हणाला, “आई, तुला नाही कळणार ते.” आवाज हुबेहूब बापाचा.

फोनवर सांगून उपयोग नाही, आणि मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. मी काही ऑक्टोबरपर्यंत मरत नाही, माझी तब्येत उत्तम आहे. तेव्हा वकीलबाईंना विचारलं, साक्षीदार कोण होऊ शकतो. त्या म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, मिळालेलं जातं.

म्हणून स्वानंद, तुझा वाटा तुझ्या मुलीला दिला आणि तुला साक्षीदार केलं. कायद्याने साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, माझ्या घरात वाचावा लागतो. तुला मराठी अक्षर लावून लावून वाचावं लागतं, हे बरंच आहे. घाईत काही निसटणार नाही. पश्चिमेला सोनं नाही. तुझ्या आईचं कुंकू आहे, आणि त्याच्या पुढे तुझा बाप जिथे पडला ती जागा. माझ्या नातीला तिथे नेऊ नकोस.

आज गौरी यायचा दिवस आहे. तेव्हा तोंडात धरलेली चूळ आज टाकते.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं आणि खालील दोघांच्या समोर, माझ्या जेवणाच्या टेबलावर, जबडा हलवून जागा करून, सही केली.

स्थळ: शर्ली, साउथहॅम्प्टन
दिनांक: ३१ ऑगस्ट २०२५
सही: सुलक्षणा चंद्रशेखर आगाशे

साक्षीदार १: अलका सोनटक्के, निवृत्त मिडवाइफ, शेजारीण. (चहा मी केला. सुलक्षणाताईंना उठू दिलं नाही.)

साक्षीदार २: स्वानंद चंद्रशेखर आगाशे, ईलिंग. मी सगळा वाचला. दोन तास लागला. उर्वीचा आणि माझा तिकीट कॅन्सल केला. आई, तू बाबांना सांगायला पाहिजे होता.