रणगाड्यावरचा जावई

ती. कैलासदादास,
साष्टांग नमस्कार.

मी गुंजनसाठी सुचवलेल्या मुलाचा फोटो परत मिळाला, सोबत पावशेर पेढे. तिकीट कमी लावल्यामुळे पोस्टमनने वीस रुपये माझ्याकडून घेतले. चिठ्ठीत लिहिलंत, “शालू, पोरगा चांगला आहे, पण नोकरी रणगाड्यावर. माह्या पोरीले नको.”

माझा धीरज रणगाड्यावर गेला तेव्हा तुम्हीच म्हणालात, “फौजेत याहून सुरक्षित जागा नाई.” मी विचारलं, “दारूगोळा पोराईच्या पायाशीच ठेवतेत, तो पेटला तं?” तुम्ही हसलात, “तू कढी पाह्य.” सरावात तो पेटला. आता धीरजला आरतीत टाळ धरता येत नाही. तरी गेल्या महिन्यात देवळी गावच्या सभेत भाषण करताना तुम्ही म्हणालात, “लढाई तोफेच्या माऱ्यानं जिंकतेत, रणगाड्यातले किती वाचले हे बायका मोजतेत.” धीरज पहिल्या रांगेत बसला होता.

म्हणून मी मुलाकडे नकार कळवलेला नाही. पुढच्या महिन्यात ती मंडळी पिपरीला माझ्याकडे येतात. गुंजनलाही मुलगा पसंत आहे. सर्वांसमोर सांगा, रणगाडा सुरक्षित आहे की नाही. असेल तर पोरगी द्या. नसेल तर माह्या पोराले काऊन पाठवलं, ते त्याच्या तोंडावर सांगा.

पत्र आज देवाऱ्यात ठेवते. राग उतरला तर फाडीन, पण तुमचे पेढे पाहिले की उतरत नाही.

काय सांगणार ते उलटटपाली कळवा, म्हणजे पोहे किती जणांचे भिजवायचे ते ठरवते.

तुमची बहीण,
शालू