वरच्या मजल्यावरचे भाडेकरू

५ मार्च
आले एकदाची! टेम्पोतून सामान उतरलं, काचेची भांडीसुद्धा शाबूत. दुमजली घर आहे. खालचा मजला आमचा, वरचा मोठ्या दिरांचा. त्यांनी वरचा कधीच घेतला, आम्ही खालचा आत्ता; दोन्ही भाड्याने देण्यासाठीच. हे अजून काही महिने नोकरीच्या गावी अडकलेत, तोवर मागच्या खोलीत राहून मी भाडेकरू बघायचा. आज नळांचे वायसर बदलून घेतले, भिंतींना फिका पिवळा रंग ठरवला. मालकीण झाल्याचा थाटच वेगळा!

१९ मार्च
भाडेकरू शोधणं म्हणजे स्थळं बघण्याइतकाच ताप. एकाला कुत्रा ठेवायचाय, एकाला डिपॉझिट नको. एक जोडपं आलं ते रंग बघून नाक मुरडून गेलं. वर मात्र एक नवरा-बायको वर्षानुवर्षं राहताहेत. भाडं वेळेवर, तक्रार कसली ती नाही. त्या बाईच्या कुंड्या बघायला रस्त्यावरची माणसं थांबतात आणि कौतुक होतं जाऊबाईंच्या घराचं. असे भाडेकरू मिळाले कुठे, म्हणून जाऊबाईंना फोन केला, तर त्या नुसतं हं म्हणाल्या. सांगायचं नसणार. लग्न झाल्यापासून हेच. चांगलं ते सगळं त्यांच्या ताटात.

२ एप्रिल
आमचा पहिला भाडेकरू आठवड्याभरात गेला, जाताना मोरी तुंबवून. प्लंबर काम आटपून वर बघत म्हणाला, घर ठेवावं तर असं. मला जेवण गेलं नाही.

९ एप्रिल
जाऊबाईंना न सांगता वरच्या बाईंना गाठलं. कमी भाड्यात खालचा मजला देते म्हटलं. त्यांनी खोल्याही बघितल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्ही आपणहून बोलावताय ना?" मी हो म्हटलं. संध्याकाळी बाजारातून आले तर दोघं खाली राहायला आलेले, पडदेसुद्धा लावलेले. सामान उतरवताना कुणीच पाहिलं नाही.

१० एप्रिल
जाऊबाई भांडतील म्हणून मी तयारीत होते. त्या फोनवर रडत होत्या. "आता मला माझ्या घरात पाऊल टाकता येईल," म्हणाल्या. मग माफ कर म्हणाल्या. जळताहेत, दुसरं काय!

२१ एप्रिल
शेजारणीने मालकीणबाई म्हणून हाक मारली. मी वळले, तर ती त्या बाईशी बोलत होती. बाईच्या अंगावर हिरवी साडी, अगदी माझ्यासारखी. कपाट उघडून पाहिलं. माझी जागेवर नाही.

२५ एप्रिल
यांना फोन केला. म्हणाले, आत्ताच तर बोललो की आपण. किती दिवसांनी मोकळी हसलीस, म्हणाले. मी केलाच नव्हता फोन. माझ्याशी इतकं गोड कधी बोलले होते? तिच्याशी मात्र —

२८ एप्रिल
घर सोडा म्हणून सांगायला गेले. बाईंनी नीट ऐकून घेतलं, मी भाडेकरूंचं ऐकते तसंच. हनुवटीवर माझा तीळ. मागे नवरा बसलेला, नेहमीसारखा पाठमोरा. तो वळला. त्याला चेहरा — त्याला अजून चेहरा नाही.

३० एप्रिल
जाऊबाई वर राहायला आल्या. जिन्यात त्यांचा हात धरला. कोण हवंय, म्हणाल्या. पण नजर वर करेनात. ओळखलं होतं त्यांनी.

२ मे
यांना येऊ नका सांगायचं होतं. फोन लागेना. हे टॅक्सीतून उतरले. खिडकीतून हाका मारल्या, त्यांनी वळून — नाही. तिने बॅग घेतली. तिच्याकडे असे बघत होते, लग्नातसुद्धा माझ्याकडे असं —

३ मे
माझ्या खोलीला बाहेरून कडी. भिंतीपलीकडून यांचा आवाज आला. एकदाच. मग दुसरा कोणीतरी यांच्याच आवाजात —

४ मे
बाहेरून कडी काढली. कुणाला तरी खोली दाखवताहेत. उजेड चांगला येतो, ती सांगतेय. हे दारात आले. चेहरा यांचाच. हात तिच्या हातात. मी समोर उभी आहे, अगदी समोर, आणि हे पाहुण्याला म्हणाले, "रिकामीच आहे."
पाहुणा आत आला. खाट सरकवतोय. माझ्या अंगावर —