वीस वह्या

माधवीताईस जय भीम.

धानोऱ्याकडच्या या गावात मी मजेत आहे, दोन्ही वेळ जेवतो, आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

पण आज डोकं फिरलंय. बालवाडीतल्या चार वर्षांच्या पोरांना मी सुपातल्या कोंड्यात बोटानं अक्षरं गिरवायला शिकवतो. काल तपासणीला आलेल्या साहेबानं वह्या मागितल्या, तर वीसही वह्या भरलेल्या! आमच्या बालवाडीच्या बाईनं, सरितानं, घरी बसून स्वतः लिहिल्या होत्या. तेही डाव्या हातानं, म्हणजे अक्षर पोरांसारखं वाकडं दिसावं. त्यातली चिमुकली चैती बिचारी आपली वही उलटी धरून पाहत होती.

साहेब गेल्यावर मी सरितावर ओरडलो, "काऊन केलं असं?"

"तुह्या कोंड्यातला 'म' साहेबाले दिसते का? कोऱ्या वह्या पाहून बालवाडी बंद केली असती, मंग कुठी शिकवला असता?"

ताई, सरांच्या एका खोट्यावरून भांडून कॉलेज सोडणारा मी. सरिता इथं आहे म्हणून या जंगलात आलो. अन् काल साहेबानं मलाच विचारलं, "पोरांनीच लिहिलं ना?"

मी "हो" म्हणालो. तिची नोकरी जाईल म्हणून.

तिच्यावर ओरडलो खरा, पण राग माझाच मला येऊन राह्यला.

हे आईला वाचून दाखवू नको.

तुझा तापट भाऊ,
अश्वजित