कडी लावून लिहिलेलं

प्रिय लिसबेट,

अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घे. तुझ्या दुकानातल्या फुलदाणीचा फोटो पाहिला. छान आहे गं, पण ट्यूलिप इतके गच्च कोंबू नकोस. कापल्यावरही ते वाढतात आणि मग माना वाकड्या करून बसतात. आणि मधलं ते पिवळ्यावर लाल पट्ट्यांचं कुठून आणलंस, कार्टे? बाबांनी पाहिलं तर चामडी लोळवतील! लहानपणी तू शेतातून असलंच एक आणलंस, तेव्हा "रोग घरात आणलास!" म्हणत त्यांनी ते कंदासकट शेगडीत घातलं होतं. दिवसभर रुसली होतीस.

एप्रिल लागला, तसे बाबा पट्टेवाली आजारी रोपं उपटत ओळींतून फिरतायत. शेजारचा वाउटर बाबांबद्दल म्हणतो, "मेइंडर्टची नजर म्हणजे घारीची." मी हसून हो म्हणते. खरं सांगू? मीच झाकणाची बादली घेऊन मागून जाते आणि त्यांनी सोडलेली उपटते. आधी वाटलं, डोळे अधू झाले असतील. मग परवा असलंच एक फूल कुरवाळत मला म्हणाले, "दीवर, बघ काय देखणं निघालंय! याचे कंद राखून ठेवू." तपासणीवाल्यांना दिसलं तर सगळं पीक नाकारतील, पण पिकाचं जाऊ दे, मला त्यांचीच काळजी लागलीय. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. तुझ्याशी मात्र फोनवर शहाण्यासारखं बोलतात, म्हणून तू म्हणतेस, आई उगाच घाबरते.

आज सकाळी त्यांनी मागे वळून पाहिलं. मी उपटतच होते. कंद उकरायची लोखंडी काठी उगारून धावून आले. "कोण गं तू? माझी फुलं चोरतेस? कुणाच्या घरची?" लिसबेट, त्यांनी मला ओळखलंच नाही. मी जीव घेऊन पळाले. फोन स्वयंपाकघरात राहिलाय, म्हणून कंद निवडायच्या शेडमध्ये कडी लावून हे लिहितेय. वाउटर दुपारी फुलं घेऊन तुझ्याच गावी निघालाय, मागच्या खिडकीतून त्याच्याकडे देईन. आत्ता बाबा दाराशी आलेत. "दीवर, कॉफी केलीय, निवतेय बघ," म्हणतायत, अगदी रोजच्या मायेनं. किती गोड हाक मारतायत गं, आणि मला कडी काढायची भीती वाटतेय. दुकान बंद कर आणि ये.

तुझीच घाबरलेली,
आई